कोऱ्या कागदावरचे सतरा अंगठे

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नाही, आणि मी गेलो तो उर्दू शाळेत. इतिहास, भूगोल, अगदी ज्वारीच्या पिकाची माहितीसुद्धा मी उर्दूतून पाठ केली. मराठी शिकलो ती मायच्या बोलण्यातून आणि आप्पा सकाळी जंगमाकडून वाचून घ्यायचे त्या पोथीतून. त्यामुळे इथं एखादं वाक्य लंगडलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शिवाय नीलाक्कांविषयी लिहिण्याचा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त अधिकार असलेली माणसं परभणीत आहेत, पाथरीत आहेत, बोरीत आहेत. ती त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडली, त्यांच्याबरोबर कोठडीत बसली. मी फक्त एका कापूसवेचणीपुरता त्यांच्या शेजारच्या पातीला, म्हणजे ओळीला, होतो. तेवढ्याच भांडवलावर लिहितो आहे.

आज सकाळी वसतिगृहाच्या गल्लीत पिंजारी आला. कितीतरी दिवसांनी आला. भाद्रपदात फौजा आल्या, संस्थानातली सत्ता बदलली, आणि तेव्हापासून हैदराबाद शहर हलक्या आवाजात बोलतं आहे. त्या शांततेत त्याच्या धनुकलीची तार वाजली आणि मी पुस्तक मिटलं. आमच्या गावातही हाच आवाज वेचणी संपत आली की सुरू व्हायचा. मी माझी दुलई खाली नेऊन त्याच्यापुढे टाकली. ती मायनं शिवून पाठवलेली, तीन वर्षांपूर्वीच्या आमच्याच रानातल्या कापसाची. त्यानं शिवण उसवली, कापूस तारेवर उडू लागला, आणि मी उकिडवा बसून त्या पांढऱ्यात एखादा निळा ठिपका दिसतो का ते बघत राहिलो.

"क्या ढूंढ रहे मियाँ?" त्यानं विचारलं.

काही नाही म्हणालो. निळा ठिपका दिसलाही नाही.

ताडकळसपासून दोन कोसांवर आमचं गाव. काळी जमीन, आणि दिवाळी सरली की त्या काळ्यावर पांढरं फुटायचं. वेचणी सकाळीच करायची, दव असेपर्यंत. ऊन चढलं की वाळलेला पाला कुरकुरतो आणि त्याचा चुरा कापसाला चिकटतो. म्हणून बायका झुंजूमुंजू झालं की रानात. पदराची ओटी बांधलेली, पायाला दवानं ओली झालेली माती, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांच्या पेरांवर उमटलेल्या बारीक रेघा. ओल्या सरकीचा एक वास असतो, थोडा तेलकट, थोडा उबदार. इथं तो कुठं मिळत नाही.

वेचणी हे बायकांचं काम. त्या वर्षी मी त्यात होतो तो हिवतापामुळे. परभणीच्या शाळेतून मॅट्रिकच्या वर्षात दीड महिना घरी आलो होतो. ताप उतरला, पण नांगराजवळ उभं राहायची ताकद नव्हती. आप्पा म्हणाले, जा मायबरोबर. मला लाज वाटली, आणि ती सोजराबाईनं लगेच ओळखली. सोजराबाई गावातली सगळ्यात जुनी वेचणारी.

"दौतीत बुडवलेले हात हायेत बाबा तुजे," ती म्हणाली. "जपून येच. कापूस काळा करशील."

माझी धाकटी बहीण शेवंता शेजारच्या पातीला होती. ती तेव्हा बारा वर्षांची. ती हसली नाही. मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "दादा, मला दे की मग तुजी दौत."

आणखी आठ दिवसांनी नीलाक्का आल्या.

त्यांचं नाव आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. वाण्याच्या घरातल्या, परभणीच्या बाजारपेठेतल्या, लहानपणीच विधवा झालेल्या. पांढरं लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मुलींच्या शाळेसाठी, बायकांच्या मारहाणीविरुद्ध, गावातल्या दोन आळ्यांमधलं वैर मिटवण्यासाठी त्या बैलगाडीनं, नाहीतर पायी, सगळा जिल्हा हिंडायच्या. पण सभेला परवानगी लागायची आणि त्यांना ती कुणी देत नसे. पाथरीला त्यांची सभा सुरू होता होता बंद केली होती. तेव्हापासून त्यांनी सभा सोडली आणि वेचणी धरली. माणसं बसली आणि एक जण उभं राहून बोललं, तर ती सभा. इथं कुणी बसायचंच नाही. सगळ्या वाकलेल्या, आणि बोलणारीही वाकलेली.

एकदा खरंच अमीनानं, म्हणजे फौजदारानं, धाडलेला एक पोलीस जवान बांधावर येऊन उभा राहिला. "यहाँ जलसा चल रहा है क्या?" त्यानं विचारलं. जलसा म्हणजे सभा.

"कशाचा जलसा, बाबा," सोजराबाई मान वर न करता म्हणाली. "कंबर मोडायलीय हितं. तुज्या अमीनाला म्हनावं, येतो का एक पात धरायला?"

बायका हसल्या. जवानही हसला असावा, कारण तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, जाताना एक फुटलेलं बोंड तोडून घेतलं आणि त्यातला कापूस बोटांनी उलगडत निघून गेला.

नीलाक्का भाषण करत नसत. प्रश्न विचारायच्या. त्यांचा एक प्रश्न मला अजून ऐकू येतो, दवातून यावा तसा.

"शेवंते, गळ्यात काय हाय गं?"

"लिंग."

"कवा बांधलं?"

"जलमले तवाच."

"तुज्या दादाच्या गळ्यातलं थोरलं हाय का?"

शेवंता माझ्याकडे बघून म्हणाली, "न्हाई. सारखंच हाय."

"मग पाटी त्याच्याच हातात कामून?"

सगळ्या पाती थांबल्या. आमच्यात मूल जन्मलं की मुलगा असो, मुलगी असो, लिंग बांधतात. सकाळी दोघंही ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. मी रोज शेवंताच्या शेजारी बसून ती पूजा करत होतो. एकदाही हा प्रश्न मला पडला नव्हता.

पलीकडून गावच्या पिंजाऱ्याची बायको हुसेनाबी म्हणाली, "आमच्यात बी कलमा दोघांला एकच हाय, आक्का. पन किताब भावाच्याच हातात."

हुसेनाबीची पात सोजराबाईच्या शेजारी होती. तशी ती नीलाक्कांनीच लावली होती. त्या दोघी वर्षभर बोलत नव्हत्या. कसल्यातरी मिरवणुकीवरून दोन्हीकडच्या पोरांची मारामारी झाली होती आणि सोजराबाईच्या नातवाचं डोकं फुटलं होतं. नीलाक्कांनी समेट वगैरे शब्द काढला नाही. आमच्याकडे वेचणीची एक रीत आहे. जी बाई आपली पात आधी संपवते ती रिकामी बसत नाही. शेजारणीची पात मागं राहिली असेल तर तिच्या पातीत दुसऱ्या टोकानं शिरते आणि वेचत वेचत तिच्या समोर येते. दोघी मधे कुठंतरी भेटतात. हुसेनाबीचा हात चपळ, सोजराबाईचा म्हातारा. चौथ्या दिवशी हुसेनाबी तिच्या पातीत समोरून शिरली. दोघी भेटल्या तेव्हा सोजराबाई म्हणाली, "लय उशीर लावलास गं."

"तुजी पातच लांब हाय, बुढ्ढे," हुसेनाबी म्हणाली.

माझी पात तर रोजच मागं राहायची. आणि रोज नीलाक्का आपली पात संपवून माझ्या पातीत समोरून येताना दिसायच्या, विभूतीचं कपाळ आधी, मग पांढरी ओटी. जवळ आल्या की म्हणायच्या, "ये मल्लप्पा, आलेच मी." अभ्यासाचा कंटाळा येतो, रात्री गावाची आठवण दाटते, तेव्हा मला हेच दिसतं. समोरून कुणीतरी येतंय.

अर्जाचं त्यांनीच काढलं. गावात मुलींसाठी शाळा मागायची. अर्ज उर्दूत लिहावा लागणार, आणि उर्दू लिहिणारा मी एकटा. भाकरीच्या वेळी बांधावरच्या बाभळीखाली मी कागद आणि दौत घेऊन बसलो. मला कचेरीची रीत माहीत होती, म्हणून मी विचारलं, "नाव? आणि नवऱ्याचं नाव?"

झालं. पहिलीनं पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, "चल, ते कसं घ्यावं?" हुसेनाबीसुद्धा नुसतं "हमारे वो" म्हणून थांबली. माझी माय माझ्याच पुढे बसून मान हलवत राहिली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. उखाण्यात एकदा घेतात तेवढंच. मी कागद धरून हैराण.

नीलाक्का म्हणाल्या, "नका घेऊ. नवऱ्याला जायचंय का साळंत? जिला पाह्यजे तिनं मागावं. आपापलं नाव सांगा."

हे सोपं निघेल असं वाटलं होतं, पण तेही अवघड होतं. सोजराबाईला स्वतःचं नाव सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "सोजर," ती शेवटी म्हणाली, आणि मग स्वतःशीच, "किती वर्सांनी घेतलं." मायनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "गिरजा." माझ्या मायचं नाव मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सतरा नावं झाली. मी ती एका चिठोऱ्यावर टिपली आणि चांगल्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात सतरा अंगठे घेतले. मजकूर घरी जाऊन सुबक अक्षरात लिहायचा आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी नाव घालायचं, असं ठरलं.

"कोऱ्या कागदावर आंगठा?" सोजराबाई म्हणाली. "सावकाराला बी दिला न्हाई मी कदी."

"सावकाराला कुठं, मल्लप्पाला देयलीस," नीलाक्का म्हणाल्या.

दुपारी बायका पुन्हा पातीला लागल्या तेव्हा अंगठ्यांची शाई पुरती वाळली नव्हती. त्या दिवशीच्या कापसात जागोजागी निळे ठिपके उमटले. सोजराबाई मला शिव्या देत होती. आप्पांनी तो डागी कापूस वेगळा काढून घरात ठेवला. दुलई त्याचीच.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून मी अर्ज लिहिला. माझं उर्दू अक्षर चांगलं होतं, मौलवीसाहेब वर्गात ते दाखवायचे. मजकूर छान उतरला. मग नावं. 'सोजराबाई' एवढंच लिहिलं आणि हात अडखळला. ते उघडं वाटलं. कचेरीतले लोक हसतील, ही कोण, कुणाची, म्हणून कागद बाजूला टाकतील, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर कागद अर्धवट दिसत होता, आणि माझ्या हातचा कागद अर्धवट दिसलेला मला नको होता. गावातल्या सगळ्यांच्या नवऱ्यांची नावं मला माहीत होती. मी प्रत्येकीच्या नावापुढे 'जौजे' लिहिलं, म्हणजे अमक्याची बायको, आणि नवऱ्याचं नाव घातलं. सतराच्या सतरा ओळी भरल्या. माझ्या मायच्या अंगठ्यापुढे आप्पांचं नाव घालताना मला अभिमानही वाटला. अर्ज नीलाक्कांच्या हाती दिला. त्यांना उर्दू येत नव्हतं. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मोत्यावाणी लिवलंस."

पंधरा-वीस दिवसांनी तालुक्याच्या कचेरीतून माणूस आला, बरोबर अमीनही. चावडीवर बोलावणं झालं, पण बायकांना नाही. कागदावर ज्यांची नावं होती त्या सतरा नवऱ्यांना. तुमच्या बायकांनी सरकारात अर्ज दिला आहे, यात तुमची मर्जी आहे का, एवढंच विचारलं. दिवसच तसे होते. सरकारात आपलं नाव गेलं एवढ्यानंच माणसं गार पडायची. एकेक जण उठून सांगत गेला, न्हाई जी, आमची काई मागनी न्हाई. हुसेनाबीचा नवरा तसंच म्हणाला. आप्पाही तसंच म्हणाले. मी चावडीच्या पायरीशी उभा राहून ते ऐकलं.

त्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती आणि थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. आप्पा म्हणाले, "अगं, अमीन बसला व्हता म्होरं. काय करावं मी?" मायनं भाकरी तव्यावर टाकली. शेवंता चुलीपुढे बसून माझ्या पाटीवर बोट फिरवत होती. पाटी कोरी होती.

दुसऱ्या दिवशी रानात बायका वेचत होत्या. नीलाक्का म्हणाल्या, "आपुन तर नवऱ्यांची नावं घेतलीच न्हाईत. कचेरीला कुठून गावली?"

"पटवाऱ्याकडं असतील की," सोजराबाई म्हणाली. "त्याच्याकडं समद्यांची कुंडली हाय."

नीलाक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर बहुतेक मी बोललो असतो. मी एक बोंड चुकीचं ओढलं, नख दुखावलं, आणि ते चोखत पुढच्या बोंडाकडे वळलो. त्या दिवशीही माझी पात मागं राहिली. त्या दिवशीही त्या समोरून आल्या. "ये मल्लप्पा, आलेच मी."

मी परभणीला परत निघण्याआधी त्यांनी माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. शाळा नाही तर नाही, निदान जाण्याआधी शेवंताला अक्षरं शिकव. माझ्याजवळ आठ दिवस होते. उर्दू नको, आपली मराठी अक्षरं, शेवंता म्हणाली. ती मलाच धड येत नव्हती. मी पोथी समोर ठेवली, शेवंतानं सुपातल्या सरक्या जमिनीवर मांडल्या, आणि सरक्यांची अक्षरं करत आम्ही दोघं एकदमच शिकलो. एखादं अक्षर चुकलं की ती फुंकर मारून मोडायची. आठ दिवसांत, पोथीत भेटतील तशी, अर्धी वर्णमाला झाली. 'श' झाला, 'त' राहिला. तिचं नाव पुरं होईना. मी सांगितलं, उन्हाळ्यात येऊन पुरं करू. उन्हाळ्यात मी मॅट्रिक झालो, आप्पांनी गावात गूळ वाटला, आणि मी कॉलेजसाठी इकडे आलो. राहिलेली अक्षरं मी इथं एकट्यानंच शिकलो.

त्यानंतर गावी दोनदाच गेलो. दोन्ही वेळा नीलाक्का दौऱ्यावर होत्या, एकदा बोरीकडे, एकदा पाथरीकडे. मला वाईट वाटल्याचं मी सगळ्यांना सांगितलं. मनातून हायसं वाटलं होतं, हे आता लिहितो. पुढं दिवस आणखी वाईट आले. एका आळीचं माणूस दुसऱ्या आळीतून जाईना. नीलाक्का मात्र दोन्हीकडे जात होत्या, असं कुणी कुणी सांगायचं. मी त्यांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, ओट्यावरची सकाळ, 'जौजे', चावडी. ते तर्कशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं. उद्या टाकू म्हणता म्हणता गाड्या बंद झाल्या, टपाल बंद झालं, आणि मला न टाकण्याला चांगलं कारण मिळालं.

मला कॉलेजात विचारतात, तू गावी परत जाऊन काय करणार. मी काहीतरी सांगतो. खरं म्हणजे मला फक्त एका सकाळी दव असताना रानात उभं राहायचं आहे, माझी पात मागं राहिलेली असावी, आणि समोरून ते कपाळ यावं. या वेळी त्या जवळ येईपर्यंत मी थांबणार नाही. मीच पुढे होऊन सांगेन.

हे इतकं सकाळी लिहून झालं होतं. पिंजाऱ्यानं दुलई हलकी करून दिली. दुपारी परभणीकडचा एक ओळखीचा माणूस आला. रेल्वे सुरू झाली म्हणून तो इकडे आला होता, आणि त्याच्याजवळ माझ्यासाठी घडी घातलेला कागद होता. अक्षर मी ओळखलं नाही. मोठं, गोल, प्रत्येक अक्षर सुटं, जणू सरक्या मांडून केलेलं. ते जसं आहे तसं इथं उतरवतो आणि थांबतो.

"दादास, शेवंताचा नमस्कार. आमी खुशाल हावोत. आप्पा, माय बरे हायेत. हुसेनाबी बी बरी हाय. फौज आल्यावर बाहेरगावची मानसं पिंजाऱ्याच्या गल्लीवर चालून आली व्हती. नीलाक्का गल्लीच्या तोंडाशी बसली. मग सोजरामाय बसली, मग माय, मग मी. सात दिस बसलो. कुनी आत गेलं न्हाई. पावसात भिजून आक्काला ताप भरला तो उतरला न्हाई. आक्का लिंगैक्य झाली. हुसेनाबीनं आपल्या हातानं पिंजलेला कापूस समाधीत तिच्या पाठीशी ठिवला. तुला कळवायला टपाल नव्हतं. साळंचा नवा अर्ज केलाय. मराठीत. राहिलेली अक्षरं आक्कानं मला अन् समद्यांला शिकवली व्हती, म्हनून सतरा नावं आपापल्या हातानं लिवलीत, कुनाचा आंगठा न्हाई. तुला लिवायचं काम पडलं न्हाई.

एक सांगायचं राहिलं. पहिला अर्ज कचेरीतून परत आला, तो आक्कानं त्याच साली परभनीत एका मास्तराकडून वाचून घेतला व्हता. नवऱ्यांची नावं कुनी घातली ते तिला ठावं व्हतं. मी इचारलं, दादाला लिवू का. ती म्हनली, नगं, कुनी इचारू नका त्याला. त्याची पात मागं राहिलीय. येईल तो."